भांगाचं पाणी

बेलापूरच्या संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावर
काळी खोली. चपला बाहेर.
चोवीस स्पीकर, मधोमध गालिचा,
लोक आडवे पडून खाडी ऐकतात.

दारावर पाटी : ‘उधाण. अकरा मिनिटं.’

पोशा तांडेल दाराशी, स्टुलावर.
निळा गणवेश, बारा तासांची पाळी.
दिवसातून चाळीसदा त्याच्या अंगावरून जातं
ते पाणी,
कोरडं.

आज कलाकारबाई आल्या, वायरी तपासायला.
तो उठला :
‘बाय, यो उधानाचा नाय. भांगाचा पानी हाय.
चिखलाला चाटतो, आयक.’

त्या वाकल्या नऊ नंबरच्या स्पीकरपाशी.
बराच वेळ.

पाटी अजून तीच आहे.
स्टूल तेवढं आता आत असतं, नऊ नंबरजवळ.
बूट बाहेर.