जिना, मॉडेल क्रमांक नऊ

अकरा खोकी उघडली तेव्हा धुळ्यात त्रेचाळीस अंश होतं
आणि पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपला पंखे दोन.
खोक्यांवर ग्रीक अक्षरं,
गणिताच्या तासाला भेटलेली थीटा, सिग्मा, लॅम्डा.
इथे ती गणित सोडून
'जपून हाताळा' एवढंच सांगत असावीत.
सुरत रस्त्यावर ते कुणी वाचलं नव्हतं.

दारावर बॅनर : आर्गिरो व्लाहाकी, वास्तुकार. सिंहावलोकन.
भिंतींना पांढरा हात मारायला आलेले हिलाल मिस्त्री
ब्रश धरून थांबले.
"सिंह कोठे शे?"
म्हटलं, सिंह चालता चालता मान वळवून बघतो ना, तसं.
बाईंनी पन्नास वर्षांत काय काय बांधलं, ते.
"मांगे काय देखनं? बांधेल घर तठेच ऱ्हास,"
ते म्हणाले, आणि कोपरा धरला.

पण निम्मं बांधलेलंच नव्हतं.
एक मासळीबाजार, बेटावरचं टपाल कार्यालय,
स्मशानाची नुसती एक लांब भिंत.
खैरनार सरांनी पाट्यांचं मराठी माझ्याकडे दिलं होतं.
'न बांधलेले' हा शब्द मी सतरा वेळा लिहिला.
शेवटी शेवटी अक्षर बिघडलं.

नऊ नंबरचं घर भावासाठी काढलेलं. न बांधलेलं.
डोंगराच्या उतारावर दोन खोल्या,
सपाट छत, आणि बाहेरून वर जाणारा जिना.
वर काही नाही. वर फक्त झोपायचं.
मिस्त्री वाकले, चष्म्यासकट.
"हाई ते आपलं धाबं शे!"
मग लगेच, "पानी कोठून जास?"
नकाशात शोधलं. उजव्या कोपऱ्यात
मुंगीएवढी पन्हळ होती.
बाईंची परीक्षा झाली, मिस्त्रींनी पास केलं.

जिन्याच्या सहा पायऱ्या मात्र ट्रकमध्येच राहिल्या होत्या, भुगा होऊन.
बाल्सा लाकूड आग्रा रोडवर मिळत नाही.
थर्माकोल मिळतो, गणपतीचा उरलेला.
वर्कशॉपमागे म्हशींचा गोठा आहे.
तिथून कडब्याचं एक ताट उपसलं,
ब्लेडने साल सोलली, अंगठा कापला,
आत भेंड, पांढरं, श्वासाइतकं हलकं.
लहानपणी भाऊ ह्याच्या गाड्या करायचे,
मला चाकं कधी जमली नाहीत.

मापासाठी व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला.
पिकल्या केसांची बाई सिगरेट ओढत बोलते,
खालची अक्षरं तिच्या मागे धावतात.
एका जागी तिला पायरीची उंची आठवत नाही,
तर ती उठते आणि हात नडगीला लावून दाखवते : एवढी.
मी माझ्या नडगीला पट्टी लावली.
सतरा सेंटिमीटर, पन्नासात एक,
साडेतीन मिलिमीटरला किंचित कमी.
चिमट्याने सहा पायऱ्या बसवल्या,
श्वास रोखून, कारण पंखे.

दहा दिवसांत नोंदवहीत दोनशे चौदा सह्या,
त्यांत एक शाळा दोनदा आलेली.
एका डॉक्टरांनी स्क्वेअर फुटाचा भाव विचारला.
जिन्याकडे बघून कुणी काही बोललं नाही.
मला ते बरं वाटलं. आणि नाहीही.
रात्री दोनपर्यंत आमचा स्लॅब उष्णता ओकत असतो.
त्या दिवसांत मी डोळे मिटून
सहा पायऱ्या चढायचे, सातवीपासून जिना तिचा.

शेवटच्या दिवशी खिळे मिस्त्रींनीच मारले.
आता बडोदा, मग जहाज.
फॉर्म होता : वस्तूची स्थिती. नुकसान असल्यास तपशील.
'काही नाही' लिहून सही केली.

मग आठवलं, ज्वारीला कीड लागते.
शेवटची फळी बसण्याआधी धावत जाऊन
गेटजवळच्या कडुनिंबाचा पाला ओरबाडला,
जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधून
नऊ नंबरच्या खोक्यात, जिन्याखाली सरकवला,
कणगीत घालतात तसा.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.