साडेचार की साडेपाच

शुक्रवारचा म्हापशाचा बाजार.
चोरिसांच्या माळांखालून वाकत
मी आगुस्तीनच्या दुकानात शिरले.
फळीवर गळ, कोयते, कुलपं,
आणि मागच्या भिंतीला आडव्या
सात छऱ्याच्या बंदुका.

"साडेचार की साडेपाच?"
मला वाटलं, बस विचारतोय.
म्हटलं, साडेपाचची. वाळपईची.
तो हसला. दात कमी, हसू भरपूर.
"नळीचं माप गो बाय. मिलिमीटर."

मग चहा आला.
एकेक बंदूक खाली उतरली.
ही स्प्रिंगची, नळी मोडून ताणायची.
ही गॅसची, थंडीतही जोर तोच
(गोव्यात थंडी कुठली, हेही तोच म्हणाला).
ही हवेच्या टाकीची, पंप वेगळा घ्यायचा,
सगळं धरून एक दुभती म्हैस येईल.

खांद्याला लावून बघितल्या.
कुणाचा दस्ता लांब, कुणाचा चाप दूर.
माझ्या हाताचं माप घ्यायला
कारखान्यातून कुणी सत्तरीत आलं नव्हतं.
पाचवीला गाल लाकडावर आपोआप टेकला.

मागच्या अंगणात काड्यापेटी ठेवली.
पहिला छर्रा डावीकडे. दुसराही.
"आवळतेस तू. स्प्रिंग आधी मागे उडी घेते, मग पुढे.
घेऊ दे तिला.
निजलेल्या पोराखाली हात सरकवतात, तशी धर."
तिसरा लागला.

बापाची ठासणीची होती.
निवडणूक आली की ठाण्यात जमा.
एका निवडणुकीला ती गेली
आणि सुटून यायच्या आधी बाप गेला.
पावती अजून देवळीत आहे, तेलकट,
कोपऱ्याला त्याच्या अंगठ्याची शाई.
मला त्याने चापाला कधी बोट लावू दिलं नाही.
पण काजूच्या भाटीत पुढे मीच असायची.
पान वाऱ्याने हललं की कुणी हलवलं,
ते मला आधी कळायचं.
"डोळा पोरीचा," म्हणायचा,
आणि बंदूक म्हाबळूच्या हातात द्यायचा.

त्याच म्हाबळूने फोनवर बजावलंय:
साडेपाचचीच आण. छर्रा जड, लागला की जागेवर.
कोण जागेवर, ते बोलला नाही.
एवढंच म्हणाला, हुर्राकाचे दिवस आले,
सोबत भाजायला काहीतरी हवं.
आमच्या मागच्या फणसावर एक शेकरू येतं.
रोज एकाच फांदीवरून, एकाच वेळी.
असल्या शिस्तीच्या जिवाची
मला फार भीती वाटते.

"मारपाक कितें जाय, बाय?"
आगुस्तीनने चहाचा पेला खाली ठेवून विचारलं.
मी सांगितलं: कागद. काड्यापेट्या.
दोरीला टांगलेल्या करवंट्या.
आणि माळ्यावरच्या घुशी, भाताची कणगी पोखरतात त्या.
दहा पावलांवरून, डोक्यात, एकाच छऱ्यात,
नाहीतर चापाला बोटच नाही.
"घुशीला साडेपाच बरी," तो म्हणाला. खरा माणूस.
"साडेचार कागदाची. जवळून, नेम असला तर घूसही घेईल.
पण रानात नेऊन उपयोग नाही तिचा."

"मग तीच द्या."

त्याने माझ्याकडे बघितलं,
पुढे विचारलं नाही.
चपट्या तोंडाच्या छऱ्यांचे दोन डबे काढले,
यांनी कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं म्हणाला,
आणि बंदूक गोणपाटात बांधता बांधता:
"रिकामी कधी उडवू नको हां.
आत छर्रा नसला
की तिचा मार तिलाच बसतो."

साडेपाचची चुकली.
पुढच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, काय हे लांबडं?
पडद्याची दांडी, म्हटलं, आणि तिचं वेगळं तिकीट काढलं.

म्हाबळू स्टँडवर असेल.
त्याने साडेपाचचे छर्रे आधीच आणून ठेवलेत,
अख्खा डबा. या नळीत ते शिरायचे नाहीत.
ओरडेल. ओरडू दे.
शिसंच आहे ते.
मी आगुस्तीनकडून सहा गळही घेतलेत,
आणि म्हादईला अजून पाणी आहे.