सात मिनिटं

क्लाक्सविकच्या बंदरावर, मासळीच्या शीतगृहाच्या वरच्या मजल्यावर
आम्ही तिघं बोटींची वेळापत्रकं सांभाळतो.
म्हणजे सांभाळायचो. हानुस आता मेंढ्या राखतो.
त्याच्या जागी तोकी आलाय, बावीस वर्षांचा,
डोक्याआधी बोटं चालणारा.

पहिल्या दिवशी मी त्याला जुना फोल्डर उघडून दाखवला:
वेळापत्रक_अंतिम
वेळापत्रक_अंतिम_२
वेळापत्रक_अंतिम_खरंच
वेळापत्रक_हेच_वापरा_हानुस
तो पोट धरधरून हसला.
हस बाबा, म्हटलं. तेव्हा आम्ही असेच दिवस काढले.
शेवटची फाईल कुठली ते एकट्या हानुसला ठाऊक,
आणि हानुस रविवारी फोन उचलत नसे.

आता थोडं काम झालं की कमिट कर,
एका वाक्यात सांगता येईल तेवढंच.
दहा कामं एका गाठोड्यात बांधलीस
आणि उद्या त्यातलं एकच मागे घ्यायची पाळी आली
तर दातांनीही गाठ सुटत नाही.
आणि का केलंस ते लिही.
काय केलंस ते यंत्राला दिसतंच.

मग ब्रँच. म्हणजे फांदी, मी म्हटलं,
आणि दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं.
समोरच्या अख्ख्या डोंगरावर एक झाड नाही.
गवत, दगड, गवत, ढग.
"फांदी नको, वाट म्हण," तोकी म्हणाला.
"एक मेंढी कड्याच्या अंगानं जाऊन बघते,
कळप इथेच चरत राहतो.
गवत बरं निघालं तर परत येऊन मिळते."
आणि नाही निघालं तर?
"एका मेंढीवर निभावतं."
दहा वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नव्हतं.

मंगळवारी आमची टक्कर झाली.
हिवाळ्यातली पहिली फेरी मी सात-वीस केली होती,
त्यानं सात-पस्तीस. तीच ओळ.
मर्ज अडला.
यंत्रानं कुणाची बाजू घेतली नाही.
दोघांचं म्हणणं एकाखाली एक मांडलं,
मध्ये बरोबरच्या चिन्हांचं कुंपण घातलं
आणि गप्प बसलं.
शेवटी कप्तानालाच फोन लावला.
सात-तीस, तो म्हणाला, आणि ठेवून दिला.

गुरुवारी तोकीला स्वीनोयच्या बोटीत
सात मिनिटं सापडली.
फक्त बुधवारी, फक्त परतीच्या फेरीला, अधिक सात.
"चुकून राहिलंय," म्हणत त्यानं ओळ निवडली.
थांब. आधी विचार कुणी घातली ती.
त्या आज्ञेला ब्लेम म्हणतात, दोष देणं,
मी मात्र ती विचारपूस करायलाच वापरते.

हानुस. अकरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर,
रात्रीचे दोन चाळीस.
संदेश: मालान टपाल वाटून धक्क्यावर पोचेतो. गुडघा.

मालान जाऊन सहा वर्षं झाली.
म्हणजे सहा वर्षं, दर बुधवारी,
इंजिन चालू ठेवून बोट रिकाम्या धक्क्याला लागून उभी,
आणि एकाही उतारूची तक्रार नाही.

तोकीनं स्वतःच हानुसला फोन केला.
मागे मेंढ्या ओरडत होत्या, वाराही.
"काढ," हानुस म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, "संदेश नीट लिही."

एक ओळ खोडायला त्या पोराला पाऊण तास लागला.
संध्याकाळी लॉग उघडून मी वाचलं:
सात मिनिटं काढली.
मालानबाई आता बोटीवर येत नाहीत.
कुणाला पुन्हा लागली तर हीच नोंद उलटवा.

पुढच्या बुधवारी कप्तानाचा फोन.
बोट लवकर सुटली की माझं घड्याळ मागे आहे?
घड्याळ बरोबर आहे, तोकी म्हणाला,
आणि फोन ठेवायच्या आधी
त्याला मालानबद्दल विचारत राहिला.