औषधाचं टोपण

मोजायला काही नाही घरात.
चाळीस वर्षं तू बंदरावरच्या बारमध्ये
डोळ्यांनीच मोजत आलास,
आणि मी इथे पीठसुद्धा अंदाजानं घेतलं.
म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण धुऊन घेते.
अजून जरा ज्येष्ठमधाचा वास येतोच त्याला.

जिन, दोन टोपणं.
ती लाल, कडू बाटली, दोन टोपणं.
गोड व्हर्मूथ...
इथे माझा हात सैल सुटतो
आणि तू चमच्यानं टेबल वाजवतोस.
एकदा. म्हणजे नाही.
बरं बाबा, दोन.

जानेवारीपासून शब्द तुझ्या हाती लागत नाहीत, ओरेस्ते.
थेरपिस्ट पोरगी चित्रं धरते समोर:
खुर्चीला तू जहाज म्हणतोस,
किल्लीला लसूण.
मला एकदा ‘पावती’ म्हणालास.
तिच्यासमोर मी हसले,
मग न्हाणीघरात नळ सोडून
बराच वेळ उभी राहिले.

माप मात्र विसरला नाहीस.
बर्फ केवढा हवा ते मूठ वळून सांगतोस.
ढवळायचं, घुसळायचं नाही:
एक बोट हवेत सावकाश फिरतं.
त्याच बोटानं अख्ख्या लिव्होर्नोला,
खलाशांना, गोदीतल्या कारकुनांना,
कोर्टातून थेट आलेल्या बायकांना
तू संध्याकाळ ढवळून दिलीस.
घरी कधी नाही.
घरी यायचास तेव्हा दोन वाजलेले,
बोटांना संत्र्याचा वास
आणि तोंडातून अक्षर नाही.
तेव्हा तर शब्द होते तुझ्याकडे.

हेही चमच्याबरोबर ग्लासात सोडते.
तीन-चार वेळा फिरवते.
विरघळत नाही.

संत्र्याची साल काढताना
पांढरं येतं माझ्या सुरीला.
तू हात पुढे करतोस, डावा, बरा असलेला.
मी संत्रं धरते, तू सुरी.
आपण दोघांनी मिळून असं काही कापलंच नव्हतं,
लग्नाचा केकसुद्धा तुझ्या आईनं कापला होता.
पट्टी निघते, पातळ, वेडीवाकडी.
ग्लासावर पिळली की
तेलाचा बारीक फवारा उडतो,
दिव्याखाली दिसतो न दिसतो तोच जातो.

डॉक्टरांनी अर्धाच म्हटलंय, तोही शनिवारी.
उरलेला अर्धा माझा.
पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं.
इतकं कडू? पैसे मोजून प्यायचे हे लोक?
तुझंही वाकडं आहे, पण ते आता नेहमीच, एका बाजूनं,
त्यामुळे आवडलं की नाही कळायला मार्ग नाही.

खाली कोर्सिकाची बोट भोंगा देते.
तू ग्लास टेकवतोस, ओठ पुसतोस
आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं,
खणखणीत म्हणतोस:
‘मंगळवार.’

आज शनिवार आहे.
असू दे.
मी टोपण धुऊन उपडं ठेवते,
कपाटात नाही,
इथेच, हाताशी.