खालचे आधी

मच्छ्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं पडून होती गाडी,
भाताची रिकामी पोती पांघरून.
लाल रंग पुसला की बोटाला येतो, विटेच्या भुग्यासारखा.
मालक मडगावला. फोनवर म्हणाले,
चालू झाली तर विकू,
नाही झाली तरी विकू.
दोरीनं ओढत आणली उद्यमबागेत,
फाउंड्रीची काळी वाळू उडवत, आमच्या दारापर्यंत.

अण्णांनी बॉनेट उघडलं आणि हसले.
हिला पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही.
शेंगेच्या टरफलात एक फुगीर त्रिकोण फिरतो.
तशा शेंगा दोन,
आणि एकेका शेंगेला दोन ठिणग्या.
चार प्लग, चार वायरी.
"दोन लीडिंग, दोन ट्रेलिंग," ते म्हणाले,
"खालचे आधी पेटतात. वरचे मागनं."
जरा थांबून,
"फाउंड्रीत पण असंच हुतं."

डावं चाक काढून मी आत शिरले.
अण्णांना खाली बसता येतं, उठता येत नाही;
आणि उजवा हात आताशा
पान्यालाच थरथरायला शिकवतो.
म्हणून हात माझे, कान त्यांचे.

"सगळ्या एकदम काढू नको.
एकीची जागा दुसरीला गेली, मग बस रडत."
एक वायर, एक प्लग. मग पुढची.
"वायरला ओढू नको गं, टोपीला धर.
केसाला धरून उठवतंय काय कोण माणसाला?"
रबर नऊ वर्षांत चिकटून बसलेलं.
फिरवलं, शिव्या दिल्या, पुन्हा फिरवलं,
सुटलं ते जुनी खपली सुटावी तसं.

ओंदु, वरून आवाज आला.
पहिला प्लग हातात, काळा, तेलकट.
एरडु.
अण्णा भांडतात मराठीत, देवाला हाक मराठीत,
आकडे मात्र कन्नड,
कारण पहिला पाना हातात दिला
तो शहापूरच्या इराण्णा कम्मार मेस्त्रीनं,
आणि नट मोजून डब्यात पडेपर्यंत
तो जेवायला सोडत नसे.
मीही तशीच मोजते. शाळेत लपवायची.

नव्या प्लगला बोटं पुरत नाहीत.
शेगडीच्या पाइपचा वीतभर तुकडा घ्यायचा,
त्याच्या तोंडात प्लग, आणि पाइपच फिरवायचा.
आटे चुकले तर रबर घसरतं, माघार घेतं.
पाना माघार घेत नाही,
तो ॲल्युमिनियम खातो.
"निधान," वरून.
पुस्तकात निधान म्हणजे ठेवा,
आमच्या गॅरेजात सावकाश.
पाठीखाली पोतं, तोंडावर ग्रीस,
मला दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले.

मूरु अडला. अर्धा तास त्यालाच गेला.
नालकु लगेच आला, उगाच भ्यायले होते.

चावी फिरवली. नुसतं घरघर.
पुन्हा. पेट्रोलचा वास.
"प्याली ती. पाय पुरता दाब, फिरवत ऱ्हा."
शेजारचा दस्तगीर वेल्डिंग टाकून बघायला आला,
काच कपाळावर चढवून,
आणि तेवढ्यात फट्, फट्,
मग असा पांढरानिळा धूर
की दस्तगीर दिसेनासा झाला, त्याचा खोकला तेवढा राहिला.

धूर ओसरला तेव्हा
गाडी एकाच सुरात गुणगुणत होती.
अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला.
"बग," म्हणाले, "पिस्टनवाली कशी हलत्यात.
ही थरथरत न्हाई."

आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो,
जरा जास्तच वेळ.
मग तो त्यांनी खिशात घातला
आणि मला म्हणाले,
जुन्या वायरी टाकू नको,
त्यातली एक अजून धड हाय.