टाका

आल्तो होस्पिसिओची वेस नेमकी कुठे संपते
ते तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक नाही.
शेवटच्या पत्र्याच्या घरापुढे वाळू,
वाळूवर बाह्या,
बाह्यांपुढे आणखी बाह्या,
एक लाल कोट पालथा,
रडता रडता कुणी झोपून जावं तसा.
लक्तरं वेशीवर टांगतात म्हणे.
इथे टांगायला खांब नाही,
आणि लक्तरं तरी कुणाची?

एदुविना चाल्लापा अकरा वर्षं
इकीके बंदरातून वर चढणारे गठ्ठे फोडते.
बोटांनाच कळतं तिच्या:
हे सूत, ही लोकर,
हे नुसतं तेल, धागा झालेलं.
विकण्याजोगं डावीकडे.
उरलेलं संध्याकाळच्या ट्रकमध्ये.
उरलेलंच जास्त.

"काल एक झगा आला," ती सांगते,
"किमतीची चिठ्ठी मानेवर तशीच.
चिठ्ठीवर हिरवं पान,
पानाखाली लिहिलेलं: निसर्गापासून.
आला की मग माघारी, निसर्गाकडेच!"
आणि हसते, धुळीने खोकत.

तिची भाची वारा.
आयमारात या नावाचा अर्थ तारा,
माझ्या कानात मात्र तो वाहतोच.
सान्तियागोला कपडे रेखाटायला शिकते.
शेवटच्या वर्षाचं काम: निसर्गातून एक पोशाख.
वर्गात कुणी शंख घेतला, कुणी फुलपाखरू,
एकाने मोराचं पीस, फोनवर पाहिलेलं.
ही मावशीकडे आली
आणि पहाटे चारला तिला उठवून
समुद्राकडच्या कड्यावर घेऊन गेली.

तिथे वाळूवर एक झाड राहतं.
झाड म्हणावं, तर जमिनीत मूळ नाही.
करड्या केसांचा गुंता,
धुक्याकडे तोंड करून पडलेला.
पाऊस त्याच्या ओळखीचा नाही.
समुद्रावरून कामानचाका येतं, दाट, खारट,
ते हे अंगानेच पितं.
एवढंसं. पुरतं.
आपल्याच वाळलेल्या पानांवर
पुढचं पान उभं करतं.

वाराने वही उघडली. काढलं काहीच नाही.
धुकं सरकत शहराच्या वेशीपर्यंत गेलं,
त्या ढिगांवरही उतरलं,
हात आखडता न घेता.
जीन्स जड झाल्या.
नायलॉनवरून थेंब घरंगळले.
एकही बाही प्यायली नाही.

मग तीन आठवडे मावशीचं मशीन.
कात्री फारशी लागली नाही,
उसवणंच जास्त.
कॉलरवर कॉलर, खालची मेलेली, वरची जगवलेली,
लोकरीच्या पट्ट्या धुक्याच्या दिशेला झुकवून.
खाली जमिनीवर चिंधी पडली की
एदुविना ती उचलून पुन्हा टेबलावर ठेवायची.

मी मध्येच म्हणालो,
आमच्या भाषेत सुईच्या एका पावलाला टाका म्हणतात.
आणि फेकून द्या म्हणायचं, तरी टाका.
तीच अक्षरं, तेच दोन काने.
दुभाष्या पोराने तीनदा समजावलं.
एदुविना म्हणाली,
"मग तुमच्या शिंप्याला काही सांगायचं म्हणजे पंचाईतच!"
वारा हसली नाही.
सुई तशीच हवेत धरून राहिली.

परीक्षकांना पोशाख आवडला.
एकीने विचारलं, हंगामाला असे पाचशे होतील?
वाराने काय उत्तर दिलं ते कुणी सांगत नाही.
पोशाखात एकेचाळीस कपडे मावले होते.
तेवढ्या दिवसांत ट्रक अठरा वेळा गेला,
एदुविनाने कॅलेंडरवर रेघा ओढल्यात.

पोशाख पार्सलने परत आला.
ठेवायला घरात जागा नव्हती,
तिने कुंपणाच्या तारेवर टाकला रात्रभर.
सकाळी लोकर जड लागली हाताला.
पिळली, तर वाटीभर पाणी.
मीठ, थोडा रंग, थोडा
कुणा परक्या घरच्या साबणाचा वास.
वाटी हातात घेऊन ती उभी राहिली,
कुठे ओतावं ते न कळून.
मग खाली ठेवली.
कुत्र्याने हुंगलं.
दोनदा जीभ लावली.