वाकडं पातं

एप्रिलात माझा धंदा सुरू होतो.
खसची ताटी, लाकडाचा भुसा, पंपाला नवी वायर,
सायकलच्या कॅरिअरवर बांधून
अर्धं नागपूर थंड करत फिरतो मी.
मोहन नगरात ऑब्री लोबोकडे पहिल्यांदा गेलो,
रेल्वेचा रिटायर गार्ड,
तेव्हा त्याचा कूलर अंगणात उघडा पडला होता
आणि घरात कुणीतरी भांडत होतं.

भांडण नव्हतं. तबकडी होती.
एक पितळी वाद्य बोलता बोलता मध्येच तुटायचं,
दुसरं म्हणायचं, असं नाही रे, असं,
आणि मागे कुणी ओल्या झाडूनं पत्रा झाडावा
तसा ताल.
"याची सम कुठं हाय?" मी विचारलं.
बाप माझा खडी गंमतीत ढोलकीवर होता.
सम चुकली तर त्या रात्री जेवायचा नाही.

"हाय ना," ऑब्री म्हणाला, "पण ते सांगत नाहीत कुठं.
हात काहून थांबवला? ताटी बांध."
बांधली. उलटी बांधली.
सोडून पुन्हा बांधली, तोवर दुसरी बाजू लागली होती.

त्या वर्षी त्याचा कूलर सहा वेळा बिघडला.
पोळ्याला बिघडला, दिवाळीला बिघडला,
जानेवारीत, शेकोट्या पेटलेल्या असताना बिघडला.
बिघाड आम्ही दोघं मिळून शोधायचो,
पंख्याखाली, चहा घेत, न बोलता.
कधी तो बोट वर करायचा: आता बघ.
डायमंड क्रॉसिंगवरून मालगाडी जाते, म्हणायचा,
चाकं नेमकी कुठं आपटतील, काही धरबंध नाही,
पण गार्डाचे गुडघे बरोबर वाकतात.
त्याचे तीस वर्षं वाकले.
डावा कान मात्र इंजिनच्या शिट्टीनं नेला.

मग डिसेंबरात सदरच्या शाळेत कार्यक्रम.
तिघं कोलकात्याचे, चौथा आपला,
गड्डीगोदामचा बिसन उईके,
लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो तो.
खुर्च्या दोनशे. माणसं सत्तावीस, मी मोजली.
ऑब्री टाय लावून आला
आणि उजवा कान मंचाकडे करून तिरपा बसला,
कुणावर रुसल्यासारखा.

तिसऱ्या वेळी लाइट गेली.
माइक मेला. कुणीतरी "अरे!" म्हणालं.
पण ते माणसाएवढं लाकूड,
ज्याला एक पोरगा मिठी मारून वाजवत होता,
थांबलं नाही. ते आता कानात नव्हतं,
खुर्चीच्या पायांतून वर येत होतं.
अंधारात बिसननं वरातीची एक ओळ उचलली,
तिला कोपरातून मुरगाळलं,
अर्ध्यावर ठेवून दिली, पुन्हा उचलली,
आणि ड्रमवाला हसला. हसू ऐकू आलं सगळ्यांना.
मला वाटलं, आता. आत्ता.
मांडीवर थाप मारली मी.
बाजूलाच ऑब्रीचीही थाप पडली.
ते चौघं मात्र पुढल्या वळणावर उतरले, सावकाश.

दोघंही चुकलो होतो. एकाच ठिकाणी.
मी रात्री पोटभर जेवलो.

बाहेर टपरीवर बिसनचा हात ऑब्री सोडेना.
बिसन लाजला. "वरातीत असं वाजवलं ना काका,
तर नवरदेव घोड्यावरून उतरून मारते मले."

काल लक्ष्मीनगरात एक कूलर खोलला.
एक पातं वाकलेलं. फिरताना टक.
मग नुसता वारा. मग वारा. मग जरा उशिरानं
टक.
पक्कड हातात घेतली, आणि तसाच उभा राहिलो.
वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, पदराला हात पुसत.
"काय झालं? सापडलं का?"
म्हटलं, सापडलं.
पण दोन मिनिटं इथं उभ्या राहा.
काही करायचं नाही.
नुसतं ऐका.